ड्रोन घेताय? आधी कागद, मग कॅमेरा!

मैत्रिणींनो, मिक्सर घेताना आपण चार दुकानं पालथी घालतो. पातेलं घेताना ते बोटाने वाजवून बघतो, साडी घेताना पदर उलटून जर तपासतो. पण हल्ली घराघरांतून एक अशी वस्तू मागवली जाते, की ती ना वाजवून बघता येते, ना उलटून. मोबाइलवर चित्र बघायचं, बटण दाबायचं आणि पैसे मोकळे! ती वस्तू म्हणजे कॅमेऱ्याचा ड्रोन.

‘हा तर मुलांचा विषय, आम्हाला काय त्याचं?’ असं म्हणून पान उलटू नका. कारण ड्रोन मुलगा मागतो, पण पैसे बहुतेक वेळा आईच्या भिशीतून जातात. आमच्या घरात तेच झालं, म्हणून तर हे लिहायला बसले.

आमची एक चुलतजाऊ मावळात नवलाख उंबरे इथे राहते. तळेगावच्या एमआयडीसीला लागून असलेलं हे गाव. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला कारखान्यांच्या भिंती. तिचा मुलगा आठवडाभर कारखान्यात कंत्राटावर काम करतो आणि लग्नसराईत एका फोटोग्राफरच्या हाताखाली जातो. आता लग्नात ड्रोन नसेल, तर वऱ्हाडाला लग्न लागल्यासारखंच वाटत नाही. ‘आई, आपला स्वतःचा ड्रोन असला, तर एका लग्नाचे वेगळे पैसे मिळतील,’ असं त्याने सहा महिने घोकलं. शेवटी जावेने भिशीचे अठ्ठेचाळीस हजार काढून दिले. धाकटीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेले होते ते.

ड्रोन आला. खोका चांगला, वस्तूही खरी. अंगणात उडवला तेव्हा सगळी आळी गोळा झाली. मला मुद्दाम फोन करून जाऊ म्हणाली, ‘ताई, आपलं घर वरून असं दिसतं, हे आजच कळलं बघा!’

पुढच्याच महिन्यात एका लग्नाच्या वरातीत बंदोबस्ताच्या हवालदारांनी पोराला विचारलं, ‘ड्रोनचा नंबर कुठाय? तुझं सर्टिफिकेट?’ पोराकडे दोन्ही नव्हतं. त्यांनी समज देऊन सोडलं, हे नशीबच म्हणायचं. घरी येऊन शोधाशोध केली तेव्हा कळलं, की हा ड्रोन परदेशी बनावटीचा, सरकारदरबारी त्याची नोंदच नाही. विकणाऱ्याने बिल म्हणून जो कागद पाठवला होता, त्यावर ना जीएसटीचा नंबर, ना पत्ता. अठ्ठेचाळीस हजारांची वस्तू जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटावर जाऊन बसली!

बघा हं, यात वस्तू खोटी नव्हती. तरी पैसे अडकले. म्हणून सांगते, ड्रोन घेताना पहिला प्रश्न ‘फोटो कसे येतात’ हा नाही. पहिला प्रश्न ‘हा आपल्याला उडवता येईल का’ हा आहे.

वजन विचारा, सगळं त्यावर ठरतं

आपल्याकडे ‘ड्रोन नियम, २०२१’ लागू आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये ते आले. या नियमांत ड्रोनची विभागणी वजनावर आहे. २५० ग्रॅमपर्यंतचा तो नॅनो. २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोपर्यंतचा तो मायक्रो. त्यापुढचे मोठे ड्रोन शेतीच्या फवारणीचे वगैरे, ते आपल्या विषयात नाहीत.

आता पाव किलो म्हणजे किती? वाण्याकडे चहाची पुडी घेतो ना, तेवढं. पण या पाव किलोच्या अलीकडे-पलीकडे फार फरक पडतो. नॅनो ड्रोन चालवायला परवान्यासारखं सर्टिफिकेट लागत नाही. मायक्रो ड्रोन निव्वळ हौसेसाठी असेल तर तिथेही लागत नाही. पण मायक्रो ड्रोनने पैसे कमवायचे असतील, लग्नाची सुपारी घ्यायची असेल, तर ‘रिमोट पायलट’चं सर्टिफिकेट हवंच. आमच्या पोराचा ड्रोन साडेपाचशे ग्रॅमच्या वर होता. म्हणजे अंगणात चालला असता एक वेळ, पण लग्नात नाही!

हे सर्टिफिकेट मिळवणं अवघड नाही. वय १८ ते ६५, शिक्षण किमान दहावी पास, आणि डीजीसीएने म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थेत प्रशिक्षण. एकदा मिळालं की दहा वर्षं चालतं. पण त्याची फी आणि वेळ ड्रोनच्या किमतीत धरा. नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

आणखी एक बारीक गोष्ट. जाहिरातीत ‘२४९ ग्रॅम’ लिहिलेलं असतं, ते साध्या बॅटरीसकट. विकणारा वर गोड बोलून जास्त चालणारी मोठी बॅटरी आणि पंख्यांना संरक्षक कडी गळ्यात मारतो. ते लावलं की वजन पाव किलोच्या पुढे गेलंच समजा. म्हणून ‘उडताना एकूण वजन किती?’ असंच विचारा. वस्तू घरी आली की स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा.

नंबर नाही, तर व्यवहार नाही

स्कूटरला जशी नंबरप्लेट, तसा ड्रोनला एक ओळख क्रमांक असतो. त्याला यूआयएन म्हणतात. डीजीसीएच्या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करून तो मिळतो. नॅनो असला तरी हा नंबर चुकत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. ‘छोट्याला काही लागत नाही हो मॅडम’ असं विकणारा सांगतो, त्यावर जाऊ नका. छोट्याला चालवणाऱ्याचं सर्टिफिकेट लागत नाही, ड्रोनचा नंबर लागतो. आणि नियम मोडले तर दंड एक लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो.

पाव किलोच्या वरच्या ड्रोनला याशिवाय त्या मॉडेलचं मान्यतापत्र असावं लागतं. ते बनवणाऱ्या कंपनीने घ्यायचं असतं. तेव्हा विकणाऱ्याला सरळ लिहून विचारा: ‘या मॉडेलला मान्यता आहे का? माझ्या नावावर यूआयएन मिळेल का?’ उत्तर फोनवर नको, लेखी हवं. ‘नंतर बघू’, ‘सगळेच असे वापरतात’, ‘आजवर कुणी पकडलं नाही’ ही उत्तरं आली, की मोबाइल खाली ठेवा आणि चहा टाका. तो व्यवहार आपला नव्हे.

जुना ड्रोन घेणार असाल तर आणखी जपा. जुनी स्कूटर घेताना आपण पुस्तकावर नाव चढवून घेतो की नाही? तसंच आधीच्या मालकाच्या नावावर नोंद आहे का ते बघून, ती आपल्या नावावर करून घ्यायची. नोंदच नसेल तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

परदेशी माल कुठल्या वाटेने आला?

९ फेब्रुवारी २०२२ पासून केंद्र सरकारने परदेशी तयार ड्रोन आयात करायला बंदी घातली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांसाठीच तेवढी सवलत ठेवली. सुटे भाग आणायला मात्र मुभा आहे, म्हणजे ड्रोन इथेच बनावेत हा हेतू. तेव्हा कुणी तुम्हाला ‘नवा कोरा, सीलबंद, परदेशी, अर्ध्या किमतीत’ असं सांगितलं, तर मनात पहिला प्रश्न हाच यायला हवा, की हा आला कुठून? सरळ वाटेने आला नसेल तर त्याला पक्कं बिल नाही, वॉरंटी नाही. बिघडला तर दुरुस्तीचं दुकान नाही. एक पंखा मोडला तरी पुन्हा त्याच विकणाऱ्याच्या दारात, आणि तो तोवर दुसरं नाव लावून बसलेला!

बिलाबद्दल एक हिशेब सांगते. विकणारे म्हणतात, ‘बिल नको, तेवढा टॅक्स वाचेल.’ २२ सप्टेंबर २०२५ पासून ड्रोनवरचा जीएसटी ५ टक्के झाला आहे. चाळीस हजारांच्या ड्रोनवर तो होतो दोन हजार. त्या दोन हजारांसाठी वॉरंटी, तक्रारीचा हक्क आणि नोंदणीचा पुरावा असं सगळंच आपण सोडून देतो. जावेने नेमकं हेच केलं होतं.

आता कॅमेरा आणि बॅटरी

कागदाचं जमलं, की मग वस्तूकडे वळा. दोन-चार हजारांना ‘४के कॅमेरा’ लिहिलेले ड्रोन दिसतात. ती खेळणी आहेत. खोक्यावर काहीही छापता येतं. चार गोष्टी विचारून घ्या.

पहिली गोष्ट, कॅमेऱ्याखाली गिम्बल आहे का? गिम्बल म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारी छोटी यंत्रणा. ती तीन दिशांना सावरणारी हवी. ती नसेल तर चित्र असं हलतं, की बघणाऱ्याला घाटात गाडी लागावी तसं होतं.

दुसरी, जीपीएस आहे का? ते असलं की ड्रोन हवेत एका जागी उभा राहतो आणि संपर्क तुटला तर निघाल्या जागी परत येतो. नसेल तर वारा नेईल तिकडे जातो. आपल्या मावळातला वारा काय असतो, हे वाळत घातलेल्या साड्यांमागे धावणाऱ्या आपल्याला कुणी सांगायला नको. पाव किलोची वस्तू ती! पहिल्याच दिवशी जाधववाडीच्या धरणात गेली, की संपला खेळ.

तिसरी, बॅटरी किती वेळ चालते? जाहिरातीत तीस मिनिटं लिहिलं असेल, तर ती वारा नसताना, बॅटरी पार संपेपर्यंतची धरा. प्रत्यक्षात वर जायला आणि सुखरूप उतरायला बॅटरी राखावी लागते. वीस-बावीस मिनिटं हाती लागली तरी पुष्कळ. लग्नासाठी किमान तीन बॅटऱ्या हव्यात, आणि त्या बऱ्याच महाग असतात. ‘किमतीत बॅटऱ्या किती?’ हे विचाराच.

चौथी गोष्ट, सुटे पंखे आणि दुरुस्ती कुठे? पुण्यात किंवा मुंबईत सेवा केंद्र आहे का? पत्ता घ्या आणि फोन लावून खात्री करा.

बॅटरीवरून घरातलीही एक सूचना. ही लिथियमची बॅटरी असते. रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका. उडवून आल्या-आल्या गरम असताना चार्ज करू नका. गॅसजवळ, गादीवर, देवघरात समईजवळ ठेवू नका. आणि पुरीसारखी फुगली असेल, तर ती कितीही महाग असो, पुन्हा वापरायची नाही. घरात माणसं आहेत.

पैसे देताना

विकणारा ‘ॲपवर नको, थेट माझ्या खात्यावर पाठवा, हजार कमी करतो’ म्हणाला की सावध व्हा. ॲपबाहेर गेलेल्या पैशाला वाली नाही. ‘आज रात्री बारापर्यंतच ही किंमत’ हाही जुनाच डाव. अहो, बोहारीणसुद्धा अशीच घाई करायची! रात्र जाऊ द्या, सकाळी घरात दोन माणसांशी बोला, मग ठरवा. ओटीपी तर कुणालाही सांगायचा नाही.

नवं बटण दाबण्याआधी विकणाऱ्याचं नाव, पत्ता, कोणत्या देशात बनलं, आणि परत घेण्याच्या अटी वाचा. ई-व्यापाराच्या २०२० च्या नियमांप्रमाणे ही माहिती देणं बंधनकारक आहे. परतीच्या अटी तर दोनदा वाचा. ‘एकदा चालू केल्यावर परत नाही’ अशी ओळ कुठे दडलेली असली, तर आधी खोका, वजन, मॉडेल आणि अनुक्रमांक तपासायचा, मगच चालू करायचा.

पार्सल आलं की मुलांनी झडप घालायच्या आत एक काम करा. एकाने मोबाइलवर चित्रण करायचं आणि दुसऱ्याने खोका उघडायचा, पत्त्याच्या चिठ्ठीपासून आतल्या शेवटच्या वस्तूपर्यंत. खोक्यात ड्रोनऐवजी दुसरंच काही निघालं, तर हाच पुरावा.

उडवायचा कुठे?

आकाश सगळ्यांचं, पण ड्रोनला तिथेही सीमा आहेत. सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे विभाग दाखवलेले असतात. हिरव्या विभागात १२० मीटर उंचीपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात मात्र ही मर्यादा ६० मीटरच आहे. पिवळ्यात परवानगी लागते. लालमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाहीच. देहूरोडच्या लोकांनी ‘रेड झोन’ हा शब्द बांधकामाच्या भांडणात ऐकलेला असतो. तो रेड झोन जमिनीचा, हा आकाशाचा. दोन्ही एक समजू नका, नकाशा स्वतः बघा. आपल्या भागात देहूरोडला लष्कर आहे, लोणावळ्याला नौदलाची आयएनएस शिवाजी आहे, लोहगावला हवाई दलाचा तळ आहे. ‘शेजारच्याने उडवला, काही झालं नाही’ हा काही नकाशा नव्हे.

सहलीला गेलात तरी हे लक्षात असू द्या. लोहगड, विसापूर, कार्ला आणि भाजे ही ठिकाणं केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. लोहगड तर जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. तिथे परवानगीशिवाय ड्रोन उडवायचा नाही. शिवाय स्थानिक पोलीसही वेळोवेळी बंदीचे आदेश काढतात, तेही विचारून घ्यावेत.

आणि एक गोष्ट बायका म्हणून आपणच मुलांना सांगायची. शेजारणीची गच्ची, मोरीची खिडकी, नदीवर धुणं धुणाऱ्या बायका यांच्यावर ड्रोन जाता कामा नये. बाईचे खासगी क्षण चोरून बघणं किंवा टिपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळीही किमान एक वर्षाची शिक्षा. २०२४ च्या पावसाळ्यात शिरूर, आंबेगावकडच्या गावांत रात्री ड्रोन घिरट्या घालतात म्हणून माणसं जागून पहारे देत होती. ती भीती ध्यानात ठेवा. आपल्या मुलाची हौस दुसऱ्याच्या घरात घबराट होऊ नये.

फसलोच तर?

लाजून गप्प बसू नका. ‘लोक काय म्हणतील, आपणच मूर्ख ठरू,’ या विचाराने बायका तोंड मिटून बसतात आणि फसवणाऱ्याचं फावतं.

पैसे पाठवले आणि विकणाराच गायब झाला, तर ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. जितकी घाई, तितकी पैसे अडवून धरता येण्याची आशा जास्त. वस्तू सदोष आली, जाहिरातीप्रमाणे नाही, किंवा विकणारा परत घेत नाही, तर आधी त्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवाडा द्यायचा असतो. मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथेही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, विकणाऱ्याच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची. बिल, बँकेचा संदेश, विकणाऱ्याशी झालेलं बोलणं, सगळं जपून ठेवा, पुसू नका.

जावेने हेच केलं. पक्कं बिल नव्हतं, पण बँकेचा संदेश होता आणि ‘लायसन्सची काही गरज नाही’ असं विकणाऱ्याने लिहून पाठवलेलं मोबाइलवर शाबूत होतं. ‘ताई, मला काय बोलता येणार त्यांच्याशी?’ म्हणून आधी घाबरली होती. मग मी शेजारी बसले आणि तिनेच १९१५ ला फोन लावला. अडीच महिने गेले, चार वेळा पाठपुरावा करावा लागला. शेवटी विकणाऱ्याने ड्रोन परत घेतला आणि सहा हजार कापून बाकीचे दिले. सहा हजार गेलेच. पण धाकटीची फी वेळेत भरली गेली.

आता लग्नाचं काम आलं, की तिचा मुलगा सर्टिफिकेट असलेल्या माणसाला ड्रोनसकट दिवसाच्या भाड्याने बोलावतो आणि आपलं कमिशन काढतो. वर्षभरात किती लग्नं मिळतात ते बघायचं, प्रशिक्षण घ्यायचं, आणि हिशेब जमला तरच स्वतःचा घ्यायचा, असं मायलेकांनी ठरवलंय. मला वाटतं, हे आधी केलं असतं तर? पण ठेच लागल्याशिवाय शहाणपण येत नाही, आणि पुढच्याला ठेच लागली की मागच्याने शहाणं व्हायचं असतं!

तेव्हा ही यादी कापून कपाटाच्या दारावर आतून चिकटवा:

१. कशासाठी घ्यायचा: हौसेला की कमाईला?
२. उडताना एकूण वजन किती?
३. माझ्या नावावर यूआयएन मिळेल, असं लेखी दिलंय का?
४. जीएसटीचा नंबर, नाव-पत्ता असलेलं पक्कं बिल मिळेल का?
५. गिम्बल, जीपीएस, बॅटऱ्या किती, दुरुस्ती कुठे?
६. परत घेण्याच्या अटी वाचल्या का?
७. उडवायच्या जागेचा नकाशा पाहिला का?

सातही उत्तरं मिळाली, तर खुशाल घ्या. मुलगीही उडवू दे, मुलानेच उडवावा असं कुठे आहे? २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली, ती शेतीच्या ड्रोनसाठी बचत गटांतल्या बायकांनाच पायलट करण्यासाठी. आपल्याला जमत नाही असं काही नाही.

पण सातांपैकी एकाचंही उत्तर ‘नंतर बघू’ असेल, तर भिशीचे पैसे डब्यातच राहू द्या. ते पुढच्या महिन्यातही तिथेच असतील.